एका शब्दावर अडलेले काका

खोली बघायला मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेले, तेव्हा त्यांनी माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, लग्न झालंय का तेही विचारलं नाही. चमचाभर काळसर पाणी पुढे केलं आणि म्हणाले, "पी."

मी नर्स आहे. कोणी काहीही दिलं तर पिऊ नका, हे मी दिवसातून दहा लोकांना सांगते. पण सडक अर्जुनीत बरी खोली मिळत नव्हती आणि दोन दिवसांत ड्यूटीवर हजर व्हायचं होतं. प्यायले. चिरायत्याचं पाणी होतं ते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"कुठं लागलं?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"कडू. जिभेच्या शेंड्यावर, का मागं, का घशात?"

"घशात. आणि अजून जात नाहीये."

"पोरगी खरं बोलते," ते आतल्या बाजूला तोंड करून म्हणाले. आत कोणी नव्हतं. काकूंना जाऊन सहा वर्षं झाली होती, पण बातमी अजून त्यांनाच आधी सांगायची पद्धत होती. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "राहा. खोली तुहीच."

पाच वर्षं राहिले मी तिथे. मागच्या वर्षी काका गेले. सकाळी पेपर वाचता वाचता, चष्मा डोळ्यांवर असतानाच गेले. आता माझी बदली झाली आहे, त्या खोलीत दुसरं कोणी राहतं. पण घशात कडू लागलं की अजूनही मला वाटतं, कोणीतरी विचारणार आहे, कुठं लागलं.

काका एका मिशनच्या छोट्या दवाखान्यात कंपाउंडर होते. दवाखाना केव्हाच बंद पडला. आपण जे औषध दुसऱ्याला देतो ते आधी आपल्या जिभेवर घ्यायचं, हा त्यांचा जुना नियम होता, आणि त्या नियमामुळे कडू चवीतलं त्यांना जेवढं कळायचं तेवढं मी दुसऱ्या कोणाला कळलेलं पाहिलं नाही. कारलं म्हणजे पाहुणं कडू, जेवून निघून जाते. कडुनिंब म्हणजे घरचं कडू, रोजचं. आणि मलेरियावरचं कुनैन? "ते सासरा हाय. येऊन बसला का उठत नाही."

दवाखान्यात पूर्वी एक डॉक्टरीणबाई होत्या. दुपारी पेशंट नसले की त्या औषधांच्या खिडकीशी बसून काकांना ग्रीक अक्षरं शिकवायच्या. का, ते त्यांनाच ठाऊक. जाताना त्यांनी ग्रीक भाषेतला नवा करार आणि पुठ्ठा निसटलेला एक जाडजूड शब्दकोश काकांना दिला. तेवढ्या भांडवलावर काका ग्रीक शिकले. मोठ्याने वाचायचे. हापशी मारताना वाचायचे, सायकलमध्ये हवा भरताना वाचायचे. उच्चार बरोबर आहे का, असं मी एकदा विचारलं तर म्हणाले, "इथून गोंदियापर्यंत चूक सांगनारा कोनी नाही. मंग बरोबरच झाला ना?"

त्यांची ख्रिस्ती मंडळी अकरा जणांची. रविवारी त्यांच्याच घरापुढच्या छपरीत उपासना व्हायची. बहुतेक बाया रोवण्याला, म्हणजे भातलावणीला जाणाऱ्या, म्हणून धानाच्या हंगामात उपासना सकाळी सहाला. पुस्तकातलं मराठी या बायांच्या कानावरून जातं, हे काकांनी ओळखलं होतं, म्हणून उतारवयात त्यांनी नव्या करारातलं एक पत्र त्यांच्या रोजच्या झाडीबोलीत उतरवायला घेतलं. मूळ ग्रीकवरून. मी राहायला गेले तेव्हा नऊ वर्षं झाली होती आणि काम शेवटून दुसऱ्या अध्यायात एका शब्दावर अडलं होतं.

तो शब्द होता पिक्रिया.

त्या पत्रात लिहिणारा सांगतो की तुमच्यात पिक्रियाची मुळी उगवू देऊ नका. ती एका जागी उगवते आणि पुष्कळांना बाधते. पिक्रिया म्हणजे कडूपणा. यात अडण्यासारखं काय, असं मलाही वाटलं होतं. काकांनाही आधी तसंच वाटलं होतं. त्यांनी सरळ 'कडू मुळी' असं लिहिलं आणि रविवारी छपरीत वाचून दाखवलं. मंडळीतली सगळ्यांत वयस्क बाई, जिला सगळे मोठीमाय म्हणत, ती मध्येच बोलली.

"कडू मुळी काऊन फेकाची जी? तापावर तेच त देतो आमी लेकरायले."

दुसरी म्हणाली, "कारल्यानं माही साखर उतरली."

"आनि तुमीच त आल्यागेल्याले चिरायता पाजता," मोठीमाय म्हणाली. "मंग देव म्हनते फेका, तुमी म्हनता प्या. आमी आयकाव कोनाचं?"

काकांनी वही मिटली. पुढचं वाचलंच नाही त्या दिवशी. जन्मभर कडू पाजून माणसं बरी केलेला तो माणूस. त्याला ते पटलं होतं. आमच्याकडे कडू हे औषध. मग ज्याच्यामुळे माणूस नासतो, ते कडू कोणतं?

तेव्हापासून त्यांनी एक वही केली. घरी येणाऱ्या प्रत्येकाला विचारायचे, तुझ्या बोलीत याला काय म्हणतात? भिंत बांधायला आलेल्या छत्तिसगढी मिस्त्रीला विचारलं. पोवारी बोलणाऱ्या दूधवाल्याला विचारलं. नागझिऱ्यात गाइड असलेला एक गोंड मुलगा गोळ्या न्यायला यायचा, त्याच्याकडून गोंडी शब्द तीन-तीनदा म्हणवून घेतला. सगळ्यांनी जिभेवरच्या कडूचा शब्द दिला. काका मान हलवायचे. "हे तोंडातलं झालं. मले मनातलं पाह्यजे."

शब्दकोशात त्यांना एक गोष्ट सापडली होती, ती ते मला सारखी सांगायचे. फार जुन्या ग्रीकमध्ये या शब्दाचा चवीशी संबंध नंतर आला, त्याआधी तो टोकदार वस्तूला लावत. बाणाच्या टोकाला. "म्हंजे आधी टोचते, मंग कडू लागते," ते म्हणायचे. मी सुचवलं, मग 'सल' लिहा ना काका. त्यांनी दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी मी ड्यूटीवर निघाले तर फाटकात आडवे उभे राहून म्हणाले, "सल नाही चालत. सल दुसऱ्यानं देल्ला राह्यते. इथं त लिहिनारा म्हनते, तुमी उगवू देऊ नका. म्हंजे आपला काईतरी हात हाय त्याच्यात. तो हात तुह्या सलात येत नाही."

कोणी कोणाबद्दल "तो फार कडू माणूस आहे" असं म्हटलेलं त्यांना खपत नसे. "कडू म्हनू नको. काय झालं थे सांग." आणि मग ते समोर बसून सगळं ऐकून घ्यायचे. गावातली अर्धी भांडणं त्यांना अशीच ठाऊक होती.

एक खोड मात्र मला कळत नव्हती. गोंदियाहून बसने परत येताना ते कधीच हायवेवरच्या कोहमाऱ्याच्या चौकातून यायचे नाहीत. चौकाच्या बरंच अलीकडे उतरायचे आणि शेतांतून वळसा घालून घरी चालत यायचे, उन्हातान्हात, हातात पिशवी. मी विचारलं तर म्हणायचे, "चौकात धूळ लय राह्यते."

आता माझं सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय काका पुरते कळणार नाहीत.

आमचं गाव इटियाडोह धरणाच्या बाजूला. तलाव बांधणाऱ्यांचं आमचं घराणं. गावाचा तलाव आमच्या पूर्वजांनी बांधलेला. बाबा गेले तेव्हा मी गोंदियातल्या एका दवाखान्यात नोकरीला होते. दादाचा फोन आला दुपारी दीड वाजता. पहिली बस चुकली, दुसरी मिळाली. गावात पोहोचले तेव्हा साडेपाच झाले होते आणि तलावाच्या पाळीखाली, बांधाच्या पायथ्याशी, बाबांची चिता अर्धी जळाली होती. मुलगी यायची आहे, तीन तास थांबू, एवढंही कोणाला वाटलं नाही. दादाला वाटलं नाही. मी त्याच्यासमोर उभी राहिले आणि म्हणाले, "तुझा-माझा संबंध संपला." तेराव्यालाही गेले नाही. काकांकडे राहायला आले तेव्हा त्या गोष्टीला एक वर्ष झालं होतं, आणि पुढची तीन वर्षं मी दादाचा फोन उचलला नाही. त्याची पोरगी माझ्या अंगाखांद्यावर वाढलेली. तिचेही मेसेज मी वाचून सोडून देत होते.

मग एका सकाळी वहिनी दारात आली. पोरीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, ठरलं होतं, पत्रिका घेऊन ती तीन बस बदलून आली होती. मी खोलीचं दार लावून आत बसले. बाहेर काकांनी तिला चहा दिला, पत्रिका घेतली, फाटकापर्यंत सोडायला गेले. तिला चिरायत्याचा चमचा मात्र पाजला नाही, ते मी फटीतून पाहिलं.

ती गेल्यावर त्यांनी माझ्या दारावर टकटक केली. "काय झालं थे सांग."

मी सांगितलं. पहिल्यांदाच कोणाला तरी सगळं सांगितलं. शेवटी म्हणाले, "भावानं चूक केली. लय मोठी केली."

मला रडू फुटलं.

"पन थे त्यानं एका सांजेले केली, पोरी. बाकीचे चार वर्सं त तूच करून राह्यली."

रडणं जागच्या जागी थांबलं. इतका राग मला दादाचाही आला नव्हता. "तुम्हाला काय जातं बोलायला?" मी म्हणाले. "सगळ्या गावाला विचारता काय झालं, काय झालं. तुम्ही कोहमाऱ्याला काऊन उतरत नाही, ते सांगा आधी. मग मला शिकवा."

काका उभे होते ते हळूच पायरीवर बसले. मी अंदाजाने दगड मारला होता, तो इतका बसेल असं वाटलं नव्हतं. थोड्या वेळाने उठले आणि आत गेले.

आठ दिवस आम्ही बोललो नाही. मी दुसरी खोली बघायला लागले. त्या आठ दिवसांत हापशीवर ग्रीकही ऐकू आलं नाही. नवव्या दिवशी सकाळी ते माझ्या स्कूटीजवळ उभे होते. धुतलेला शर्ट, भांग पाडलेला.

"आज तुले सुट्टी हाय ना? मले कोहमाऱ्याले घेऊन चाल. एकट्यानं होत नाही."

वाटेत, मागे बसून, वाऱ्यात अर्धं हरवत, त्यांनी सांगितलं. दवाखाना बंद करताना नव्या व्यवस्थापकाला कारण हवं होतं. कंपाउंडर औषधात पाणी घालतो, असा कागद तयार झाला. त्याच्यावर कर्मचाऱ्यांच्या सह्या घेतल्या. पहिली सही ड्रेसरची होती. जखमा धुणारा, पट्ट्या बांधणारा, काकांचा जिवलग. वीस वर्षं दोघं एका डब्यात जेवले होते. पेशंटांची रांग उभी असताना काकांच्या हातातून औषधांच्या कपाटाच्या किल्ल्या काढून घेतल्या गेल्या. तो ड्रेसर आता कोहमाऱ्याच्या चौकात मुलाच्या ढाब्यावर बसतो. "बावीस वर्सं झाली," काका म्हणाले. "मी त्याचं तोंड पाह्यलं नाही."

ढाब्यावर ट्रक लागले होते. एका बाजूला खाटेवर एक म्हातारा बसला होता, एक हात लुळा, मांडीवर ठेवलेला. काका त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले. त्याने डोळे बारीक करून पाहिलं आणि त्याचं तोंड उजळलं.

"अरे! कंपोंडर! जित्ता हायेस का बे? बस, बस. ए, चाय आन रे! किती वर्सं झाली, कुठं गेल्तास?"

काका बसले नाहीत. "तू माह्यावर सही केल्ती," ते म्हणाले.

"कोनती सही?"

"मी औषधात पानी टाकतो म्हून. पयली सही तुही होती."

म्हातारा विचारात पडला. खोटं करत नव्हता, खरंच आठवत होता. मी ते ओळखते. वॉर्डात रोज अशी तोंडं बघते. बऱ्याच वेळाने म्हणाला, "केली असन बाप्पा. तवा म्हने सही नाही त नोकरी नाही. कायकायवर सह्या केल्या, मालूम नाही." मग एकदम त्याच्या लक्षात आलं. चांगला हात पुढे करून त्याने काकांचा शर्ट धरला. "तू इतके वर्सं थे मनात धरून राह्यला का बे?"

काका शर्ट धरलेल्या त्या हाताकडे बघत राहिले.

"मले वाटे, तू मोठा मानूस झाला म्हून येत नाही. चुकलो असन बे मी. बस ना आता. चाय थंडी होते."

काका बसले. चहा प्यायले. लुळा हात हातात घेऊन बोटं वाकवून पाहिली आणि मालिश कशी करायची ते त्याच्या मुलाला दाखवलं. तासभर दोघं जुन्या पेशंटांची नावं काढून हसत होते. मी बाजूला बसून होते, आणि मला कोणाचा राग यायला हवा होता ते समजत नव्हतं.

परतताना चौक मागे पडला तेव्हा पाठीमागून आवाज आला. "शब्द भेटला."

"कोणता?"

"मनात धरनं. त्यानंच देल्ला. पाह्य, धरनं म्हनलं का हात आला. आनि हात आला म्हंजे सोडताबी येते."

माझ्या पाठीला त्यांचं कपाळ टेकलं होतं आणि ते हलत होतं. मी स्कूटी हळू केली. मग ते म्हणाले, "थो नव्या करारातला एक चेला होता ना, गुरूले ओळखत नाही म्हनला, आनि मंग बाहेर जाऊन रडला. त्या रडन्यालेबी हाच पिक्रियाचा शब्द लावला हाय. मी इतके वर्सं वाचून राह्यलो, पन कायले लावला, थे आज समजलं."

पुढच्या रविवारी मी पहिल्यांदा त्यांच्या उपासनेत जाऊन मागे बसले. काकांनी वाचलं: मनात धरून ठेवल्याची मुळी उगवू देऊ नका, एकाच्या मनात उगवते आनि पुष्कळायले बाधते. मोठीमाय म्हणाली, "हाव. हे समजलं." आणि पदर डोक्यावर ओढून घेत शेजारणीला हळूच म्हणाली, "माह्या सुनेलेबी आयकाले पाह्यजे होतं." मग थोडं थांबून, "मलेबी."

साक्षगंधाला मी गेले. लोक होते, जेवणं होती. दादा आणि मी एकमेकांना टाळत फिरलो. पोरगी गळ्यात पडून रडली. संध्याकाळी पाहुणे पांगल्यावर दादा म्हणाला, "तलावाकडे येतेस?" आम्ही पाळीवर जाऊन बसलो. खाली बाबांना जाळलं ती जागा होती, तिथे गवत वाढलं होतं.

"थांबायला पाहिजे होतं," दादा म्हणाला. "सगळे म्हणत होते उरका, उरका. मी ऐकलं. चुकलं माझं."

मी मान हलवली. एवढंच ऐकायला मी आले होते असं मला वाटत होतं.

"पण सकाळी फोन मी करतच होतो," तो म्हणाला. "सातलाच बाबांचा श्वास बिघडला होता. फोन हातात घेतला, तर बाबांनीच हात धरला. म्हणाले, रातपाळी करून आली असन ते. झोपू दे तिले. उठली का मंग सांगजो." दादा तलावाकडे बघत होता. "त्यानंतर ते बोललेच नाहीत. अकराला गेले. हे तुला सांगायला किती वेळा फोन लावला मी."

चार वर्षं ते वाक्य दादाकडे पडून होतं. माझ्या बापाचं शेवटचं बोलणं, आणि ते माझ्याविषयी होतं, आणि मी फोन उचलत नव्हते.

काका नसते तर ते मला कधीच मिळालं नसतं. ते त्याच मुक्या फोनमध्ये राहिलं असतं, दादाबरोबर एक दिवस संपलं असतं. माणसाचे उपकार मोजायचे कसे, मला माहीत नाही; पण आयुष्यात मला मिळालेल्या सगळ्यांत मोठ्या वस्तूपर्यंत एका विक्षिप्त म्हाताऱ्याने मला नेऊन सोडलं, एका परक्या भाषेतल्या शब्दाचा पिच्छा पुरवता पुरवता.

दुसऱ्या दिवशी परत आले तेव्हा काका छपरीत पुढच्या ओळीवर काम करत बसले होते. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाला पुसत राहिले.

"मंग, त्या सकाळी झोपली होतीस का तू?"

"हो काका. बारापर्यंत. गाढ झोपले होते."

"चांगलं केलं," ते म्हणाले. "बापाचं आयकलं."